आमच्या ऑफिसातला पाकिस्तान

आमचे बडेबाबू कोणाचीही सहा वाक्यं ऐकून घेत. सातवं नाही.

त्यांच्या पँटच्या उजव्या खिशात मँगनीजचे सहा खडे असत. बालाघाटजवळच्या भरवेलीच्या खाणीतले, काळे, वजनदार, चिंचोक्याएवढे. भरवेलीपासून मलाजखंडपर्यंतच्या मैदानांवर त्यांनी तीस वर्षं अंपायरगिरी केली होती, आणि चेंडू मोजायचे ते खडे ऑफिसात हेडक्लार्क झाल्यावरही त्यांना सुटले नव्हते. समोरचा माणूस गाऱ्हाणं सांगू लागला, की एकेका वाक्याला एक खडा उजव्या खिशातून डाव्या खिशात जाई. सहावा पडला की बडेबाबू म्हणत, "ओव्हर." आणि खुर्ची फिरवून पलीकडच्या टेबलाकडे तोंड करत. मग त्या टेबलावरच्याची पाळी. पहिल्याचं काही उरलं असेल, तर मधली ओव्हर संपेपर्यंत त्यानं गप उभं राहायचं.

मोठमोठे ठेकेदार या नियमानं टेकीला आले होते. एकदा भोपाळहून आलेले एक बडे अधिकारी बोलत असताना बडेबाबूंनी शांतपणे "ओव्हर, सर" म्हणून पाठ फिरवली. साहेब भांबावले. "किसका ओव्हर?" त्यांनी विचारलं. "आपका, सर," बडेबाबू पाठमोरेच म्हणाले.

माझे वडील याच नहर विभागाच्या, म्हणजे कालव्यांच्या, ऑफिसात होते. ते गेले आणि अनुकंपेवर मी डिस्पॅचला लागले. बडेबाबू वडिलांचे दोस्त, मला परकर-पोलक्यात बघितलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला फाटकापाशी नेऊन उभं केलं. "हे पाहा. फाटकाच्या आत तुमी मॅडम. फाटकाच्या भाईर तू पोरगी. नियम." आणि तो नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. संध्याकाळी आम्ही बरोबर निघायचो. फाटकाच्या आत ते म्हणायचे, "मॅडम, उद्याची डाक जरा लवकर काढजा," आणि एक पाऊल बाहेर पडलं की त्याच दमात, "अवं, थंडीचं स्वेटर काहून नाई आनलं तू?"

नियम म्हटला की त्यांना सगेसोयरे दिसत नसत. तिरोडीच्या एका मॅचमध्ये त्यांनी सख्ख्या साळ्याला शून्यावर रनआऊट दिलं होतं. तेही कधी, तर साळ्याच्या हळदीच्या दिवशी. हळद लावलेल्या अंगानं तो हौसेनं बॅटिंगला आला होता. पुढे कित्येक वर्षं काकू आणि त्यांचा भाऊ एकमेकांकडे जात होते, बडेबाबू मात्र बाहेर ओसरीत बसत. मी एकदा विचारलं, "काका, एका रननं काय झालं असतं? थोडं सोडता नसतं आलं?"

"त्याचा पाय हवेत होता," ते म्हणाले. "मी का करू?"

अशा माणसाच्या हातून आयुष्यात एकच खोटा निकाल लागला. तो लागला तेव्हा मी बावीस पावलांवर उभी होते.

ते त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. त्या वर्षी सरहद्दीवर जे झालं ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. घरोघरचे टीव्ही तापलेले होते. मग दोन्ही देशांच्या टीम परमुलखात एकमेकींशी खेळल्या, आणि खेळून झाल्यावर हात न मिळवता आपापल्या खोल्यांत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात कामापेक्षा त्या न मिळवलेल्या हाताचीच चर्चा जास्त झाली.

आमचे साहेब नवे होते, तरुण, हौशी. दर वर्षी ऑफिसची एक मॅच होई, नहर शाखा विरुद्ध आस्थापना शाखा. साहेबांनी सगळ्यांना मीटिंग हॉलमध्ये बोलावलं आणि जाहीर केलं, की या वर्षी मॅच होणार भारत विरुद्ध पाकिस्तान. "जोश आना चाहिए!" टाळ्या वाजल्या. साहेबांनी विचारलं, "तो इंडिया में कौन-कौन?" हॉलमधले सगळे हात वर गेले. पंखा बंद करायला उठलेल्या शिपायानंही हात वर केला. "और पाकिस्तान?"

सगळे हात खाली आले.

साहेबांनी चिठ्ठ्या टाकायचं ठरवलं. ज्यांना 'पाकिस्तान' निघालं, त्यातल्या एकाची आजी अचानक गंभीर झाली, दोघांची कंबर धरली, आणि नकाशे काढणारा ट्रेसर तिथल्या तिथे रजेचा अर्ज लिहायला बसला. चहा घेऊन आलेले कँटीनचे सिंधी टिकमकाका मध्ये सापडले. त्यांना कोणीतरी म्हणालं, "काका, तुम्ही तर तिकडचेच." टिकमकाकांनी ट्रे टेबलावर आपटला. "मेरा दादा वहाँ से जान बचाके आया था," ते ओरडले, "और तुम लोग मुझे फिर वहीं भेज रहे हो? वो भी फील्डिंग करने?"

सगळे हसले. हसता हसता कोणाची तरी नजर मागच्या दाराकडे गेली. तिथे जीपचे ड्रायव्हर जब्बारभाई उभे होते. मग दुसऱ्याची गेली, तिसऱ्याची गेली. हसू हळूहळू ओसरलं आणि अख्खा हॉल मान वळवून त्यांच्याकडे बघू लागला.

जब्बारभाई आमच्या ऑफिसचे सगळ्यात जलद बॉलर. वीस वर्षं ऑफिसची टीम त्यांच्या खांद्यावर होती. ते जमिनीकडे बघत जीपची किल्ली बोटात फिरवत राहिले.

बडेबाबू उठले. "सर, पाकिस्तान मी."

"आप? आप तो अंपायर हैं."

"दोन टीम असल्याशिवाय मॅच होत नाई, सर. नियम आहे. मी कप्तान. बाकीचे माझे मी पाहतो." मग त्यांनी हॉलकडे बघून, कारकुनी आवाजात, जणू डाक वाचून दाखवत असावेत तसं सांगितलं, "जब्बारभाई भारताचे ओपनिंग बॉलर. ल्याहून घ्या."

मी लिहून घेतलं.

बाहेर पडल्यावर मी विचारलं, "काका, काहून झाले तुम्ही?"

"आत्ताच तर सांगतलं ना पोरी. दोन टीम लागतात."

एकसष्ट वर्षांच्या या माणसानं तोवर बॅट हातात धरली नव्हती. अंपायरनं बॅट धरू नये असं त्यांचं मत होतं, 'न्यायाधीशानं चोरी करून पाह्यली तर कसं' असं ते म्हणत. आता ते कामाला लागले. टीम जमवली ती अशी: रेस्ट हाऊसचे चौकीदार उइके, ज्यांनी एवढंच विचारलं, की मैदान कोणतं आणि जेवण आहे का. मी, आणि आस्थापनेतल्या दुबेबाई. रजा नामंजूर झालेला ट्रेसर. आणि लांबच्या नहरांवर पाण्याची पातळी मोजणारे सहा जण, ज्यांच्यापर्यंत मीटिंगची बातमी पोहोचलीच नव्हती. त्यांना वाटलं, सरकारी ड्यूटी आहे. ते वह्या घेऊन आले.

पण गावाला बातमी लागली होती. साहेबांनी चौकात बॅनर लावलं होतं: 'मैत्री मैच. भारत बनाम पाकिस्तान.' आणि खाली लाल अक्षरात, 'हाथ मिलाना मना है.' पाकिस्तानचा कप्तान म्हणून बडेबाबूंचा पासपोर्ट फोटोही छापला होता. पानठेल्यावाल्यानं त्यांना पान द्यायचं बंद केलं. "पहले बयान दो," तो म्हणाला. "कैसा बयान?" "वो मुझे नहीं मालूम. लेकिन दो." कॉलनीच्या मैदानावर आम्हाला प्रॅक्टिस करू देईनात. दूधवाला दूध देई, पण बडेबाबूंकडे न बघता.

घरीही कठीण झालं. काकूंच्या मंडळातल्या बायकांनी विचारलं, की तुमच्याकडे हळदीकुंकवाला यावं की नाही. काकू पेचात पडल्या. शेवटी त्यांनी मार्ग काढला: मॅच होईपर्यंत बडेबाबूंना चहा स्वयंपाकघरातून नाही, अंगणातल्या खिडकीतून मिळेल. बडेबाबू दोन आठवडे अंगणात उभे राहून चहा प्यायले. "बाई बरोबर करून राह्यली," ते मला कौतुकानं म्हणाले. "चहा चालू, पन संबंध बंद. सरकारही असंच करते."

प्रॅक्टिसला ते आम्हाला रविवारच्या गाडीनं तिरोडीला न्यायचे. "तटस्थ भूमी," ते म्हणत. "पुढं पाऊल टाकलं का महाराष्ट्र. आपल्याले तिथं कोनी वळखत नाई." ते खोटं ठरलं. तिथे साळेबुवा राहत होते. तिसऱ्या रविवारी ते मैदानाच्या कडेला येऊन बसले, बराच वेळ आमचा खेळ बघितला, आणि इतक्या वर्षांनी मेव्हण्याशी पहिलं वाक्य बोलले. "भाऊजी, लय वाईट खेळता तुमी."

"हौ," बडेबाबू म्हणाले. त्या दिवशी जेवायला आम्ही साळेबुवांच्याच घरी गेलो.

मॅचच्या दिवशी निम्मं बालाघाट लोटलं. भारताच्या टीमनं निळे टी-शर्ट शिवून घेतले होते. आम्हाला कोणी हिरवं कापड विकायला तयार नव्हतं, म्हणून आम्ही आपापल्या कपड्यांत. दुबेबाई खोचलेल्या साडीत लाँग ऑनला उभ्या होत्या. टॉस झाला. साहेब भारताचे कप्तान. त्यांनी नाणं उचललं, हात मागे बांधले आणि आकाशाकडे बघत निघून गेले.

खरी अडचण अंपायरची झाली. तीस वर्षं एकच माणूस अंपायर, त्यामुळे नियम दुसऱ्या कोणाला येतच नव्हते. पांढरी टोपी स्टोअरच्या बाबूंच्या डोक्यावर ठेवली होती. पहिल्याच ओव्हरला अपील झालं आणि स्टोअरबाबू गडबडले. त्यांनी मिड ऑनला उभ्या असलेल्या पाकिस्तानच्या कप्तानाकडे बघितलं. "बडेबाबू, काय देऊ?"

"नाई देता येत. चेंडू वर चाल्ला होता."

झालं. मग अख्खी मॅच तशीच चालली. चौकीदार उइकेंचा एक चेंडू टप्पे घेत, लोळत, कासवासारखा गेला आणि साहेबांच्या दांड्या हळूच कलल्या. आम्ही नाचायला लागलो. मिड ऑनवरून आवाज आला, "नो बॉल! लोळनारा चेंडू चालत नाई." साहेब वाचले. उइके कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "कप्तान अपना है कि उनका?"

भारताच्या एकसष्ट धावा झाल्या. त्यांतल्या निदान वीस आमच्या कप्तानानं दिल्या असाव्यात.

मग आमची बॅटिंग. इथे एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. भारताचे बॉलर इतके पेटले होते, की चेंडू सरळ पडत नव्हता. देशप्रेमाच्या भरात वाईडवर वाईड. आणि बडेबाबू ओपनिंगला येऊन एका टोकाला खांबासारखे उभे. त्यांना मारता येत नव्हतं, पण कोणता चेंडू सोडायचा हे त्यांच्याइतकं जिल्ह्यात कोणाला कळत नव्हतं. ते सोडत होते आणि स्कोअर वाढत होता. दुसऱ्या टोकाला आमचे नऊ जण आले आणि गेले. शेवटी मी आले. बोर्डावर एकोणसाठ. तीन हवे होते.

बालाघाटात, दिवसाढवळ्या, पाकिस्तान जिंकायला आलं होतं. साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी चेंडू जब्बारभाईंकडे टाकला.

जब्बारभाई धावत आले. चेंडू खाड्कन बडेबाबूंच्या पॅडवर बसला. मैदान उसळलं. स्टोअरबाबू घामाघूम. "बडेबाबू, काय देऊ?"

बडेबाबूंनी खाली टप्प्याची खूण बघितली. "लेगच्या भाईर पडला. नाई."

"बेईमान!" कोणीतरी ओरडलं. साहेब धावत आले. "ये खुद को नॉट आउट दे रहे हैं! जब्बार, तुम बोलो. तुमने डाला. बोलो."

जब्बारभाईंनी बाहीनं तोंड पुसलं. "बाहर थी, साहब. नॉट आउट है."

गलका एकदम थांबला. त्या शांततेत दोरीपलीकडून कोणीतरी, फार मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालं, "लो. आखिर…"

पुढचा शब्द तो बोलला नाही. बोलायची गरज नव्हती. मी जब्बारभाईंच्या शेजारीच उभी होते. ते चेंडू पँटवर घासत होते, घासतच राहिले. समोर बडेबाबूंनी दोरीकडे बघितलं, मग जब्बारभाईंकडे.

पुढचा चेंडू ऑफच्या बाहेर होता. सोडायचाच चेंडू. बडेबाबूंनी मात्र बॅट घातली, आणि इतक्या लांबून घातली, की मधून भरवेलीचा खनिजाचा ट्रक गेला असता. चेंडू विकेटकीपरच्या हातात गेला. कोणीही अपील केलं नाही. करण्यासारखं काही नव्हतंच.

बडेबाबूंनी बॅट काखेत घेतली. "लागला," ते म्हणाले, आणि चालू लागले.

क्षणभर कोणाला कळेना. मग मैदान फुटलं. भारत जिंकला! लोक दोरी तोडून आत आले आणि ज्याच्या चेंडूवर पाकिस्तानचा शेवटचा गडी गेला, त्याला त्यांनी खांद्यावर उचललं. 'आखिर' म्हणणाराही त्यांच्यात असणारच. जब्बारभाई सगळ्यांच्या डोक्यांवर हेलकावे खात होते. ते हसत नव्हते. गर्दीवरून बडेबाबूंकडे बघत ते हात हलवून खुणा करत होते: नाही, नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाकेत पहिला कागद जब्बारभाईंचा होता. 'निवेदन है कि कल की मैच में बडेबाबू को गेंद नहीं लगी। अपील भी नहीं हुई। अतः नतीजा बदला जाए।' मी तो बडेबाबूंसमोर ठेवला. त्यांनी वाचला, समासात लिहिलं, 'बॅट्समन स्वतःहून जाऊ शकतो. अपिलाची गरज नाही. प्रकरण बंद,' आणि खाली सही केली.

चार दिवसांनी दुसरा अर्ज आला. जब्बारभाईंनी कुठून तरी नियमांचं पुस्तक मिळवलं होतं. बॅट्समन गैरसमजानं निघाला असेल, तर अंपायरनं त्याला परत बोलवावं, असा नियम त्यांनी शोधून काढला होता. बडेबाबूंनी लिहिलं, 'नियम बरोबर. परंतु गैरसमज नव्हता.'

तेव्हापासून दोघांचं वाजलं ते वाजलंच. दौऱ्याला निघाले, की फाटकापासून नहरापर्यंत भांडण. भारताचा बॉलर म्हणे पाकिस्तान जिंकलं, पाकिस्तानचा कप्तान म्हणे भारत जिंकला. एकदा भर चौकात जब्बारभाई जीप थांबवून रस्त्यावर उतरले आणि काठीची बॅट करून सगळ्या गावाला दाखवू लागले, चेंडू कुठून गेला ते. मागे ट्रकची रांग लागली. बडेबाबू आत बसून एवढंच म्हणत, "लागला."

निरोप समारंभाच्या दिवशी बडेबाबूंना घरी पोचवायला जब्बारभाईंचीच जीप होती. मागच्या सीटवर मी, हार, शाल आणि नारळ. वैनगंगेकडे जाणाऱ्या वळणावर जब्बारभाईंनी जीप कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"आज से आप रिटायर," ते म्हणाले. "अब नोटशीट नहीं चलेगी. मुँह से बोलिए. आपने खुद लिखा, गलतफहमी नहीं थी. गेंद लगी नहीं थी, ये मैं जानता हूँ. तो फिर क्या था?"

बडेबाबूंनी गळ्यातला उरलेला हार काढला, मांडीवर ठेवला. ते त्याची फुलं नीट करत राहिले.

"जब्बार," ते म्हणाले, "मले वाटलं, आता गेलं पाह्यजे."

जब्बारभाई स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होते. समोरून एक बैलगाडी गेली. मग त्यांनी डोळे पुसले आणि किल्ली फिरवली.

"लेकिन रिजल्ट गलत है," ते म्हणाले.

"हौ," बडेबाबू म्हणाले. "गलत आहे. राहू दे तसाच."